अपडेट अडते तेव्हा

महिन्यातला दुसरा मंगळवार तुमच्या लक्षात राहत नसेल, पण तुमच्या घरातील संगणकाच्या तो लक्षात असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या विंडोज या कार्यप्रणालीतील दुरुस्त्या २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करीत आली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि लातूरला रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून आपल्याकडचे संगणक ही अपडेट घेऊ लागतात ते बुधवारी. बहुतेक वेळा तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण एखाद्या बुधवारी संगणक पुन्हा सुरू होताना पडद्यावर टक्के वाढत जातात, मध्येच थांबतात, आणि 'अपडेट पूर्ण करता आले नाही, केलेले बदल मागे घेत आहे, संगणक बंद करू नका' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते.

घरात लगेच निदाने सुरू होतात. कोणी म्हणते व्हायरस शिरला, कोणी म्हणते मशीन जुने झाले. दुरुस्तीवाल्याकडे नेले तर तो बहुधा एकच उपाय सांगतो : फॉरमॅट मारू. फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी स्वच्छ पुसून पुन्हा श्रीगणेशा लिहिणे. संगणक सुरू होतो खरा. पण दहावीच्या प्रकल्पाचे लेखन, सहलीची छायाचित्रे, आईने टंकून ठेवलेल्या बचत गटाच्या नोंदी, हे सारे त्या पाटीबरोबर पुसले जाते. उंदरासाठी घर पेटवण्यातला हा प्रकार आहे.

आता ज्या वाक्याने आपण घाबरलो ते नीट वाचा. संगणक काय सांगतो आहे? मी एक काम हाती घेतले, ते एका ठिकाणी अडले, म्हणून मी सर्व काही पहिल्यासारखे ठेवतो आहे. म्हणजे पडद्यावर दिसते तो रोग नव्हे. ती माघार आहे, आणि तीही शहाणपणाची. काम कोणत्या पायरीवर अडले एवढे शोधून काढले, की पाटी पुसण्याची वेळ सहसा येत नाही. ते शोधायचे कसे हे पाहण्यापूर्वी, अपडेट करणे इतके अवघड का असते हे समजून घेऊ.

लातूरच्या मुलांना याचा दाखला गावातच सापडेल. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी लातूरला आली १९११ साली. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भारतातील मोठ्या गाडीच्या रुळांमधले अंतर असते ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. एकविसाव्या शतकात हा मार्ग रुंद करण्याचे काम झाले आणि २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा रुंद मार्ग पुरा झाला. आता असे समजा, की हे काम चालू असताना निम्मा मार्ग रुंद झाला आहे आणि निम्मा अजून अरुंद आहे. त्यावरून कोणती गाडी धावेल? छोटी नाही आणि मोठीही नाही. जुना मार्ग उपयोगाचा होता, नवाही उपयोगाचा होईल. पण अर्धा-अर्धा मार्ग मात्र कवडीमोलाचा.

कार्यप्रणालीचे नेमके असेच आहे. विंडोज ही एक वस्तू नसून हजारो फाईलींचा संच आहे. त्या एकमेकींना बोलावतात, एकमेकींकडून कामे करून घेतात, आणि समोरची फाईल अमुक पद्धतीनेच उत्तर देईल असे धरून चालतात. दुरुस्तीत शंभर फाईली बदलायच्या असतील आणि साठ बदलून झाल्यावर काम थांबले, तर नवी फाईल जुनीला हाक मारते आणि जुनीला ती भाषाच कळत नाही. रूळ जुळत नाहीत. त्यातून आणखी अडचण अशी, की संगणक चालू असताना यांतील बऱ्याच फाईली वापरात असतात. धावत्या गाडीखालचा रूळ काढता येत नाही.

मग रेल्वेवाल्यांनी काय केले? लातूरच्या रुंद मार्गाची आखणी बऱ्याच ठिकाणी जुन्या मार्गाहून वेगळी झाली. छोटी गाडी तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, न शिवता जात असे. नवा मार्ग त्या शहरावरून नेला. लातूरचे स्थानकही नव्या जागी गेले आणि गावात 'जुनी रेल्वे लाईन' हे नाव तेवढे मागे राहिले. ही एक रीत झाली : नवे वेगळे बांधायचे आणि मग तिकडे जायचे.

दुसरी रीत अमेरिकेच्या दक्षिण भागात १८८६ साली वापरली गेली. तेथील सुमारे १८,५०० किलोमीटर लोहमार्ग ५ फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर आणायचे होते. ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत, अवघ्या ३६ तासांत, ते काम उरकले! हे कसे जमले? आधीचे कित्येक आठवडे कामगार नव्या जागी आतल्या बाजूने खिळे ठोकून ठेवीत होते. गाड्या चालूच होत्या. ठरलेल्या दिवशी गाड्या थांबवून फक्त एक रूळ तीन इंच आत सरकवायचा आणि बाहेरचे खिळे ठोकून टाकायचे, एवढेच उरले होते. तयारी लांबलचक, पण प्रत्यक्ष अदलाबदल अगदी थोडक्यात.

तुमच्या संगणकावरील मासिक अपडेट या दुसऱ्या रीतीने चालते. तुम्ही काम करीत असता, तेव्हा मागच्या मागे नव्या फाईली उतरवून घेतल्या जातात, तपासल्या जातात आणि एका भांडारात मांडून ठेवल्या जातात. विंडोजमधील या भांडाराच्या फोल्डरचे नाव विनएसएक्सएस असे आहे. तेथे जुन्या व नव्या दोन्ही प्रती काही काळ शेजारी शेजारी असतात. संगणक पुन्हा सुरू होतो त्या मधल्या वेळात, म्हणजे बहुतेक फाईली कोणी वापरीत नसताना, जुन्यांच्या जागी नव्या बसवल्या जातात. वर्षाकाठी येणारे मोठे अपडेट मात्र पहिल्या रीतीला जवळचे. त्यात सबंध नवे विंडोज मांडले जाते आणि जुने 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस राखून ठेवतात. नवे पटले नाही तर त्या मुदतीत परत फिरता येते. (डिस्कवर जागा कमी पडली म्हणून हाच फोल्डर काही जण पहिल्या दिवशी पुसून टाकतात. परतीचे तिकीट फाडून टाकण्यासारखेच ते.)

तयारी कितीही चांगली असली, तरी अदलाबदल चालू असताना वीज गेली तर? मराठवाड्यात हा प्रश्न कोणी पुस्तकातून शिकत नाही. भारनियमनाच्या वर्षांत वीज कधी जाणार हे निदान छापून तरी येई. वळवाचा पाऊस मात्र वेळापत्रक पाळत नाही.

यावरचा तोडगा हिशेबनिसांच्या सवयीसारखा आहे. समजा, लातूरच्या खात्यातून ५०० रुपये नांदेडच्या खात्यात पाठवायचे आहेत. एका खात्यातून वजा केले, आणि दुसऱ्यात जमा करण्यापूर्वी वीज गेली, तर ५०० रुपये हवेत विरले म्हणायचे का? तसे होऊ नये म्हणून आधी एका वहीत लिहितात : अमुक रक्कम येथून काढून तेथे घालणार. मग काम करतात, आणि शेवटी 'झाले' अशी खूण करतात. वीज परत आल्यावर आधी वही उघडायची. खूण असेल तर काम पुरे झाले आहे. खूण नसेल तर एक तर राहिलेला भाग पुरा करायचा, नाही तर केलेला भाग उलटवायचा. मधली अवस्था ठेवायची नाही. विंडोज अशी वही राखते. म्हणूनच वीज गेल्यानंतर संगणक पुन्हा सुरू होताना इतका वेळ घेतो. तो वही वाचत असतो.

पण वहीवर अवलंबून राहण्यालाही मर्यादा आहे. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जातोच असे नाही; तो थोडा वेळ डिस्कच्या स्वतःच्या लहानशा स्मृतीत थांबतो, आणि वीज जाताच ती स्मृती पुसली जाते. शाई वाळण्याआधीच पान ओले व्हावे तसे. म्हणून दोन गोष्टी सांगतो. टेबलावरच्या संगणकाला जोडलेला साधा यूपीएस थोडीच मिनिटे टिकतो आणि अपडेट कधी कधी पाऊण तास चालते. तेव्हा आभाळ भरून आले असेल तर अपडेट दुसऱ्या दिवसावर ढकला. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवून शिवाय चार्जर लावा. आणि टक्के थांबलेले दिसले म्हणून बटण दाबून संगणक बंद करू नका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर एकच आकडा तासभरसुद्धा हलत नाही. डिस्कचा लहान दिवा मधून मधून लुकलुकत असेल, तर आत काम चालू आहे असे समजावे. तीन-चार तास काहीच हालचाल नसेल, तेव्हा बटणाचा विचार करावा.

आता माघार घेऊन संगणक पुन्हा नीट सुरू झाला आहे असे धरू. पहिले काम : अपडेटच्या इतिहासाचे पान उघडून त्यात दिलेला संकेतांक वहीत उतरवून घ्या. पुष्कळ लोक तो निरर्थक समजून सोडून देतात. वास्तविक तो गणिताने उलगडतो, आणि ते गणित तुम्हाला येते.

समजा, संकेतांक आहे ०एक्स८००७००७०. (पडद्यावर हा इंग्रजी अक्षर-अंकांत दिसेल.) सुरुवातीचे 'शून्य एक्स' एवढेच सांगते, की पुढची संख्या षोडशमान पद्धतीत आहे. दशमानात आपण दहा चिन्हे वापरतो. येथे सोळा लागतात, म्हणून ९ नंतर इंग्रजी ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे करीत एफ म्हणजे १५ पर्यंत जातात. उजवीकडून पहिले स्थान एककाचे, दुसरे १६ चे, तिसरे २५६ चे, चौथे ४,०९६ चे. संकेतांकातील पहिला ८ म्हणजे 'काम फसले'. त्यानंतरचा ००७ म्हणजे 'ही विंडोजच्या नेहमीच्या चुकांच्या यादीतली चूक आहे'. राहिले शेवटचे चार अंक, ००७०. त्यांची दशमानात किंमत ७ गुणिले १६, म्हणजे ११२. आणि त्या यादीत ११२ व्या चुकीचा अर्थ आहे : डिस्कवर पुरेशी जागा नाही. झाले निदान! व्हायरस नाही, की मशीनचे वय नाही. लग्नाचे व्हिडिओ आणि डाउनलोडचा फोल्डर आवरायचा, रद्दीची टोपली रिकामी करायची, आणि पुन्हा प्रयत्न करायचा. मोठ्या अपडेटसाठी २० जीबी तरी मोकळे ठेवावेत.

शेवटचे अंक ०००२ असतील तर चूक क्रमांक २, म्हणजे हवी ती फाईल सापडत नाही. उतरवलेल्या सामानात काही कमी पडले असा याचा बहुधा अर्थ. अशा वेळी संगणकातील 'ट्रबलशूटर' चालवून पाहावा. त्याने भागले नाही तर अपडेटची सेवा तात्पुरती थांबवून विंडोजच्या फोल्डरमधील 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचे नाव बदलावे. त्या नावाचा फोल्डर नाही असे पाहून विंडोज नवा तयार करते आणि सर्व सामान नव्याने उतरवते. नाव बदला असे म्हटले, पुसा असे म्हटले नाही, याकडे लक्ष द्या. दुरुस्ती करतानाही परतीचा रस्ता ठेवावा.

संकेतांक नेहमीच सरळ बोलतो असे मात्र नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी एक सुरक्षा अपडेट आले, आणि असंख्य संगणकांवर ते ०एक्स८००७०६४३ असे दाखवून फसू लागले. आपण उलगडू : ६ गुणिले २५६ म्हणजे १,५३६, ४ गुणिले १६ म्हणजे ६४, त्यात ३ मिळवून १,६०३. यादीत १,६०३ चा अर्थ 'बसवताना गंभीर चूक झाली', एवढाच. पोट दुखते म्हणून डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी 'तुमचे पोट दुखते आहे' असे सांगावे, तशातली गत! खरे कारण पुढे कळले. डिस्कवर संकटकाळी वापरण्यासाठी एक लहानसा वेगळा विभाग राखलेला असतो. अपडेटला त्या विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि बऱ्याच संगणकांवर ती नव्हती. मुख्य विभागात शेकडो जीबी मोकळे असून उपयोग नव्हता. अशा वेळी घरच्या माणसाने डिस्कचे विभाग कापाकापी करीत बसण्यापेक्षा कंपनीच्या खुलाशाची वाट पाहणे बरे, असे माझे मत आहे.

जागा भरपूर आहे, तरी अपडेट उतरतच नाही, किंवा उतरून नाकारले जाते, असेही होते. उतरलेली फाईल वाटेत बिघडली नाही ना, हे संगणक कसे ओळखतो? तुम्ही गुणाकार तपासण्यासाठी नवाचा ताळा वापरता. २५ गुणिले १३ बरोबर ३२५. पंचवीसच्या अंकांची बेरीज ७, तेराच्या अंकांची ४. त्यांचा गुणाकार २८, त्याची बेरीज १०, शेवटी १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०, शेवटी १. ताळा जमला. परंतु चुकून ३५२ लिहिले असते तरीही ताळा जमलाच असता. हा त्या युक्तीचा दोष. फाईलींसाठी एसएचए-२५६ नावाचा फार कडक ताळा वापरतात. त्याची शक्य उत्तरे २ चा २५६ वा घात इतकी आहेत. ती संख्या ७८ अंकी होते. फाईलीतील एक बिट जरी बदलली तरी उत्तर पार पालटते. ताळा जमला नाही, की संगणक ते सामान दारातूनच परत पाठवतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, तुटक इंटरनेटवर मोठे अपडेट घेतले की वारंवार असे घडते.

सामान पाठवणारा खरा आहे की तोतया, हेही तपासले जाते. त्यासाठीच्या डिजिटल प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य' असे असते. येथे जुन्या संगणकांत एक मजेदार बिघाड आढळतो. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून त्याच्या मुख्य पाटीवर एक बटणासारखा सेल बसवलेला असतो. बहुतेकांत तो सीआर२०३२ या जातीचा, ३ व्होल्टचा असतो. नावातच त्याचे माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. काही वर्षांनी तो संपतो. मग दर वेळी वीज गेली की संगणक आपली तारीख विसरून कित्येक वर्षे मागे जातो. त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र भविष्यातले ठरते, आणि तो ते नाकारतो. लोक इंटरनेटला दोष देतात. दोष असतो त्या किरकोळ सेलचा. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख तपासा. ती चुकीची असेल तर ती दुरुस्त करून आधी अपडेट घ्या, मग संगणक बंद करून, वायर काढून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सेल बदला.

भांडारच बिघडले असेल तर काय करायचे? अचानक वीज गेल्याने किंवा डिस्कवर ओरखडे पडल्याने विनएसएक्सएसमधील प्रती खराब होतात. यासाठी दोन हत्यारे विंडोजमध्ये आहेत, एसएफसी आणि डीआयएसएम, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी वापरातली प्रत्येक फाईल भांडारातील प्रतीशी ताडून पाहते आणि बिघडलेली बदलते. दुकानदाराची वजने प्रमाण वजनाशी ताडून पाहावीत तसे हे आहे. पण प्रमाण वजनच झिजलेले असेल तर? तर सगळीच वजने चुकीची ठरतील. म्हणून आधी डीआयएसएम चालवतात. ती भांडाराची तपासणी करून बिघडलेल्या प्रती मायक्रोसॉफ्टकडून नव्या आणते. त्यानंतर एसएफसी. कित्येक जण नेमके उलटे करतात आणि 'एसएफसीचा काही उपयोग नाही' म्हणतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र ही हत्यारे खाली ठेवा आणि प्रथम आपल्या फाईली दुसरीकडे उतरवा. प्रत्येक तपासणीबरोबर ती डिस्क आणखी झिजते.

आतापर्यंत संगणक निदान सुरू होत होता. तो सुरूच झाला नाही तर? विंडोज सुरू होण्यात लागोपाठ दोन वेळा अपयश आले की राखून ठेवलेल्या त्या लहान विभागातून दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप पुढे येतो. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे गेले की शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोय मिळते. लहान मासिक अपडेटला तेथे 'क्वालिटी अपडेट' म्हटले आहे. आधी ते काढून पाहावे. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि हा पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात साठवलेली असू शकते. दुकानदाराने त्याच्याच खात्यावर लॅपटॉप सुरू करून दिला असेल तर पुढे पंचाईत होते. घरी जाऊन आजच ही किल्ली शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. संगणकात नव्हे, कागदावर.

किल्ली आणि हा निळा पडदा किती मोलाचे आहेत, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या प्रोग्रॅमची एक छोटी फाईल जगभर पाठवली. प्रोग्रॅमचा एक भाग वीस रकाने पुरवणार होता आणि नव्या फाईलीमुळे दुसरा भाग एकविसावा वाचायला गेला. नसलेला रकाना वाचताना संगणक कोसळला. हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, संगणक सुरू होतानाच चालत असल्याने पुन्हा सुरू केला की पुन्हा कोसळे. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाईल मागे घेतली. तोवर सुमारे ८५ लाख संगणक अडकले होते. मुंबईच्या विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. येथे विंडोजची वही उपयोगी का पडली नाही? कारण त्या वहीच्या दृष्टीने काहीच अर्धवट राहिले नव्हते. हे विंडोजचे अपडेट नव्हतेच. फाईल नीट पोचली होती, पूर्ण होती, फक्त चुकीची होती. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल पुसणे. पण तो बहुतेक ठिकाणी एकेका संगणकासमोर बसून करावा लागला, आणि कुलूपबंद डिस्कांची किल्ली शोधता शोधता लोक मेटाकुटीस आले.

ज्यांना हे सारे ऐकून 'अपडेट बंदच करून टाकू' असे वाटते, त्यांनी जवाहरलाल नेहरू बंदराचे उदाहरण पाहावे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युरोपातून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेतून न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलपर्यंत पोचला. तेथील कामकाज ठप्प झाले. हा प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरत होता त्यांतील एक वाट बंद करणारी विंडोजची दुरुस्ती १४ मार्च २०१७ लाच उपलब्ध झाली होती. दुसरीकडे, अपडेटवर आंधळा भरवसाही नको. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांचे कागदपत्रांचे फोल्डरच पुसून टाकले. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, त्यांचे मूळ जागचे फोल्डर जादा आहेत असे अपडेटने ठरवले. त्यांत फाईली आहेत हे पाहिलेच नाही. कंपनीने ते अपडेट चार दिवसांत थांबवले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा दिले. म्हणजे अपडेट घ्यावे, पण आपल्या फाईलींची एक प्रत संगणकाबाहेर असतानाच घ्यावे.

आणि सर्व उपाय हरले, निळा पडदाही दिसेना, तरी फॉरमॅटकडे धावू नका. शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या संगणकावर, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये उबुंटूसारखी लिनक्स कार्यप्रणाली घालता येते. त्या पेनड्राइव्हवरून बिघडलेला संगणक सुरू केला, की डिस्कवरील विंडोज झोपलेलेच राहते आणि तुम्ही तुमच्या फाईली दुसरीकडे उतरवून घेऊ शकता. (डिस्क कुलूपबंद असेल तर पुन्हा ती ४८ अंकी किल्ली लागेल.) फाईली हाती आल्यावर मग विंडोज नव्याने बसवायला हरकत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा थांबली. तेव्हा जुन्या संगणकावर लिनक्सच कायम ठेवावे का, हाही विचार त्या वेळी करून टाकावा.

तुमच्या मनात आले असेल, की मोबाईलची अपडेट इतक्या वेळा का अडत नाहीत? २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत कार्यप्रणालीसाठी दोन सारख्या जागा ठेवतात. तुम्ही एकीवरून फोन वापरता तेव्हा दुसरीवर नवी प्रणाली मांडली जाते. पुन्हा सुरू होताना फोन दुसरीकडे वळतो. तेथे काही बिघडले तर पहिली जशीच्या तशी आहेच. लातूरच्या रेल्वेसारखी ही पहिली रीत. ती महाग आहे, कारण साठवणुकीची बरीच जागा दोनदा अडते.

आता एक प्रयोग. शाळेच्या किंवा घरच्या विंडोज संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा आणि इंग्रजी अक्षरांत नेट, मग मोकळी जागा, हेल्पएमएसजी, मोकळी जागा, आणि ११२ असे टंकून एंटर दाबा. जागा पुरेशी नसल्याचे वाक्य उमटेल. इंटरनेट लागत नाही आणि काही बिघडतही नाही. मग ०एक्स८००७०००५, ०एक्स८००७००२० आणि ०एक्स८००७०५बी४ हे तीन संकेतांक कागदावर दशमानात आणा आणि मिळालेले क्रमांक त्याच रीतीने विचारा. तिसऱ्यात बी हे अक्षर आहे, त्याची किंमत ११ धरा. उत्तर १,४६० यायला हवे. ०एक्स८००एफ किंवा ०एक्स८०२४ ने सुरू होणारे संकेतांक मात्र या रीतीने सोडवू नका. त्यांच्या याद्या वेगळ्या आहेत.